सात नंबर उलटा चालतो

आमच्या वैशाखरे गावची बाईजाकाकी मुरबाडला उंदीर सांभाळायची नोकरी करते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसलो होतो. घरात भाताच्या कणग्या कुरतडणाऱ्या उंदरांना शिव्या घालायच्या, आणि आमच्या काकीने जीप पकडून तिकडच्यांचे लाड करायचे! आता मात्र मीच तिला खोदून खोदून विचारतो.

औषधांच्या त्या प्रयोगशाळेत कुणालीमॅडम पांढऱ्या उंदरांचे व्हिडिओ घेतात. औषधाने उंदराची चाल बदलली का, ते कॉम्प्युटर व्हिडिओ बघून सांगतो. या कॉम्प्युटरचे नखरे उंदरांपेक्षा जास्त. उजेड चारी बाजूंनी सारखा हवा, उंदीर सोडतात त्या खोक्याचा तळ काळा आणि बिनचमकीचा हवा, कॅमेरा बरोब्बर डोक्यावर हवा. तळ ओला राहिला की त्यात प्रतिबिंब पडतं आणि त्याला एकाचे दोन उंदीर दिसतात. म्हणून काकी तळ कोरडा ठणठणीत पुसते आणि मग पडद्यासमोर उभी राहते. पडद्यावर कॉम्प्युटर उंदराच्या नाकावर लाल ठिपका दाखवतो, शेपटीपाशी निळा. उंदीर पळाला की ठिपकेही पळतात.

"मॅडम, नाक कुठला नि शेपटी कुठली, त्याला कसा कळतं?" तिने एकदा विचारलं.

"या कॅमेऱ्यात डोळे काळे दिसतात, मावशी. पांढऱ्या अंगावर काळं जिथे, तिथे तोंड."

गेल्या महिन्यात पाहुणे आले. त्यांतला एक सात नंबरच्या उंदराकडे बघून म्हणाला, "काय गुबगुबीत आहे हा!" दुसऱ्या दिवशी सात नंबरने खाणं टाकलं. दृष्ट लागली, दुसरं काय! काकीने बाळाला लावतात तशी त्याला काजळाची तीट लावली. कुणाला दिसू नये म्हणून कपाळावर नाही, मागे शेपटीच्या वर. कॅमेरा वरून बघतो, हे बाई साफ विसरली. सात नंबर खायला लागला, तशी ती रोज तीट लावू लागली.

आठवड्याने कॉम्प्युटरचे आकडे आले. सात नंबर उलटा चालतो! तासन्‌तासांचे व्हिडिओ कोण बघत बसतंय. मॅडमनी आकड्यांवर भरवसा ठेवला. "याच्या मेंदूत बिघाड आहे. उद्या सकाळी काढू आणि मेंदू तपासू."

काढणं म्हणजे मारणं, हे काकीला ठाऊक होतं. उलट्या चालीचं कारणही तिला त्याच क्षणी कळलं. पण सांगितलं तर नोकरी जाणार. ती तशीच बाहेर पडली, जिपेत बसली, आणि जीप सुटायच्या आत उतरून परत गेली.

"मॅडम, त्याला कायपन झाला नाय. मीच तीट लावली. आठ दिस."

मॅडमनी व्हिडिओ लावला, बघितला आणि कपाळाला हात लावला. सगळी मेहनत पाण्यात. त्या भयंकर चिडल्या. मग म्हणाल्या, "मावशी, महिनाअखेरीला औषधाचा प्रयोग संपला की सगळेच उंदीर जाणार. सात नंबरही. माहीत आहे ना? मग नोकरीवर पाणी सोडून कशाला सांगायला आलात?"

"ठावं हाय. औषधापायी जाईल तं जाऊ दे. माज्या चुकीपायी नको."

मॅडमनी सात नंबरच्या कागदावरचं 'मेंदू तपासणी' खोडलं आणि त्याची चाल पुन्हा पहिल्यापासून मोजायला उद्याची तारीख घालून खाली लिहिलं, 'दिवस पहिला'.