सात जणांचा कोट

"तुम्ही त्याला काय सांगितलंत?" माझी धाकटी जाऊ दिरांवर ओरडत होती. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. भिंत पातळ आणि माझे कान तिखट.

"निरोप देताना त्याच्या छातीवरचा रफू मी ओळखला. तुमचा हात मला कळत नाही होय? मेलेल्या माणसाचा कोट चढवून माझ्या भावाला लढाईवर धाडलंत. तो देताना काय सांगितलंत, तेवढं तरी बोला!"

दाराची कडी वाजली; दीर बाहेर निघून गेले. भाऊ परत आला नाही, आणि जावेने नवऱ्याशी बोलणं टाकलं.

दिरांना सगळे रफूकाका म्हणत. ते लष्कराच्या कपड्यांच्या कोठारात कामाला होते. मेलेल्यांचे कोट धुऊन यायचे, हे त्यांची भोकं बुजवायचे. असं बुजवायचे की पुढच्या पोराने बोट फिरवलं तरी लागू नये. वाईट काम इतकं चांगलं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवसापासून मी दोघांमधली तार झाले. एकाच टेबलाशी बसून ती म्हणायची, "जाऊबाई, त्यांना सांगा, दूध संपलंय." दीर म्हणायचे, "वहिनी, तिला सांगा, ऐकू आलं." मग किटली घेऊन जायचे, आणून ओट्यावर ठेवायचे आणि झाकणावर दोन टिचक्या मारायचे. म्हणजे आणलं. बत्तीस वर्षं हे चाललं. माझे दात पडले, पण निरोप एकही पडू दिला नाही.

त्याच कोठारातल्या कारकुनाने म्हातारपणी एक कादंबरी लिहिली. मला अक्षरं लावत वाचायला दिवस लागतात, म्हणून नातीने वाचून दाखवली. एक कोट सात जणांच्या अंगावर लढाईला जातो. सातही जण मरतात, कोट मात्र दर वेळी परत येतो. शेवटी साहेब लोक कोटालाच पदक देतात, बढती देतात आणि त्याला सलाम ठोकतात. हसून हसून पोट दुखलं, आणि मग जेवण जाईना.

त्याचा सिनेमा काढायला एक दिग्दर्शक बाई निघाली. दिरांना शोधत घरी आली. "पुस्तकात रफूवाला दोन ओळींचा आहे," ती म्हणाली. "पण वाचणारा मनात हसतो. पडद्यावर कुणाच्या तरी तोंडाकडे बघून हसावं लागतं. मला ते तोंड हवंय. आमच्या नटाला सुई धरायला शिकवा."

दीर शूटिंगला जाऊ लागले. तिथे एक घोटाळा केला. कपड्यांच्या माणसांनी दोन दिवस खपून कोटाला गोळ्यांची भोकं पाडली होती, कडा जाळून. सगळे जेवायला गेले तेवढ्यात यांनी तीन भोकं बुजवून टाकली. बाईने कपाळाला हात लावला. "काका, अहो, ती मुद्दाम पाडली होती!"

"भोक दिसलं की हात राहत नाही," दीर म्हणाले.

बाई आधी चिडली, मग खो खो हसली, आणि ते सिनेमात घातलं. शिपाई कोट घालून उभा, आणि रफूवाला त्याच्या अंगावरच टाके घालतोय. मग तिने विचारलं, "पोरं विचारायची का, हा आधी कुणाचा होता?"

"विचारायची."

"तुम्ही काय सांगायचात?"

"नवा आहे."

सगळी खोली हसली. बाईने लगेच लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा दिरांचा चेहरा उतरलेला. "वहिनी, तिला सिनेमाला नेऊ नका. बत्तीस वर्षं जे सांगितलं नाही, ते आता नटाच्या तोंडून ऐकेल."

पण जाऊ सगळ्यांआधी तयार होऊन दारात उभी. दुपारचा खेळ, तीन खुर्च्या, नेहमीसारखी मी मधे. पडद्यावर पोराने विचारलं, रफूवाला म्हणाला, "नवा आहे." लोक खुर्च्या बडवून हसले. शिट्टीसुद्धा वाजली.

जाऊ माझ्यावरून वाकली. मला काही निरोप नव्हता. सरळ त्यांनाच म्हणाली, "हेच म्हणालात त्याला?"

"हो."

"आणि तो?"

"हसला. म्हणाला, भावजी, तुमचा टाका मला कळत नाही होय? घालतो मी. पण मला कळलं होतं, हे ताईला सांगू नका. तिला झोप लागायची नाही."

"मग इतकी वर्षं माझे शिव्याशाप का खाल्लेत?"

"शब्द दिला होता."

तिकडे कोटाला बढती मिळत होती, टाळ्या पडत होत्या. जाऊ पुढे तोंड करून शेवटपर्यंत बसली. हसली नाही, रडलीही नाही. घरी येताना आम्हा दोघांच्या पुढे एकटीच चालत राहिली. मला वाटलं, आता उरलंसुरलंही गेलं. माफ केलं असं ती पुढेही कधी म्हणाली नाही.

सकाळी मी टेबलाशी बसले होते. ती म्हणाली, "दूध संपलंय." सवयीने मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही थांबा. त्यांना सांगतेय."

त्यानंतर दिरांना सात महिने मिळाले. गेले त्या दिवशी दुपारी खुर्चीतच गेले, सुई कॉलरला टोचलेली. पण सकाळी ती म्हणाली होती, "अहो, दूध," आणि ते किटली घेऊन गेले होते. वेळेवर आले, किटली ओट्यावर ठेवली. ती समोरच उभी होती, बघत होती. तरी झाकणावर दोन टिचक्या मारल्या.