फोर्क येईपर्यंत

माझा मोठा भाऊ इतका उंच आहे की त्याला रेडीमेड काहीच होत नाही. पँट, पलंग, दाराची चौकट, सगळ्यांशी त्याचं वाकडं. शाळेतल्या मित्रांनी ठेवलेलं ‘शिडी’ हे नाव चाळिशी उलटली तरी त्याला चिकटून आहे. सायकलसुद्धा त्याने मापाची करून घेतलेली. तिचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा चिमटा, तोही खास त्याच्या मापाचा आणि कार्बनचा. काळ्या धाग्यांच्या कापडाचे थरावर थर लावून ते भट्टीत भाजतात, त्याचा तो बनतो. नवा आला तेव्हा दादाने तो एका बोटावर तोलून दाखवला होता. मी म्हटलं, “तुझ्या डोक्याहून हलकं या घरात पहिल्यांदाच काही आलं.”

“ठिणगी पडली,” तो वहिनीला म्हणाला. माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून तो मला ठिणगी म्हणतो.

दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. निम्म्या शहराची माणसं त्याच्या भरवशावर वरखाली जायची. लिफ्टमध्ये शिरून भिंतीला तळहात लावायचा, डोळे मिटायचा आणि तळापासून गच्चीपर्यंत एक फेरी मारायचा. जरा कुठे वेगळा आवाज आला की ‘बंद’ची पाटी. मग लोक शिव्या घालोत नाहीतर पाया पडोत, हा ढिम्म. बायकोच्या माहेरच्या इमारतीतली लिफ्टसुद्धा त्याने ऐन साखरपुड्याच्या दिवशी बंद केली होती आणि सासऱ्यांना जिना चढायला लावलं होतं. असा हा माणूस.

आणि हाच माणूस टिक् टिक् करणाऱ्या फोर्कवर रोज डोंगर उतरत होता.

मला ते कळलं ते असं. मी तळमजल्यावर पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, तो वर राहतो. एका सकाळी त्याने मला वर हाक मारली. सायकल उलटी ठेवलेली, त्याच्या हातात नाणं. फोर्कच्या एका पायावर त्याने वरपासून खालपर्यंत नाण्याने टकटक केलं, मग दुसऱ्या पायावर.

“ऐकलंस? इथे, वरच्या वळणापाशी. आवाज बसतोय.”

“मला तर सगळा सारखाच वाटतोय, दादा.”

त्याने पुन्हा वाजवलं. मी डोळे मिटून कान दिला. मला खरोखरच काही फरक कळला नाही आणि मी तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. ब्रेक दाबला की टिक् होतं, म्हणाला, आणि नाणं खिशात टाकलं.

“मग चालवू नकोस ना,” वहिनी आतून म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, माणसांना न दुखवता बोलायची तिला सवय. पण त्या दिवशी तिचाही आवाज चढला.

“नवा करायला सांगितलाय,” दादा म्हणाला. “आला की बसवतो.”

लोखंड आधी वाकतं, वाकून सांगतं, पण कार्बन काही सांगत नाही. आहे तोवर आहे आणि मग नाही. हे आम्हाला जेवताना दादानेच ऐकवलं होतं. ते आता आमच्या डोक्यातून जाईना. तो रोज उजाडता पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचा आणि उतरायचा. उताराच्या शेवटी गोदामाची दगडी भिंत आहे, तिथे रस्ता एकदम वळतो. ब्रेक दाबल्याशिवाय ते वळण कोणालाही घेता येत नाही.

तेव्हापासून आमच्या घराची सकाळ बिघडली. दादा परत येईपर्यंत वहिनी केस विंचरायला घ्यायची आणि कंगवा तसाच हातात राहायचा. मी मशीनवर पाय ठेवून बसायचे, पण पाय दाबवायचा नाही. रस्त्यावर कोणी जोरात बोललं तरी दोघी खिडकीशी. मग सायकल खांद्यावर घेऊन तो जिन्यात शिरला की वहिनी भराभरा वेणी घालायची आणि काही झालंच नाही अशी चहा टाकायची. पण दादा घरी आला म्हणून मोकळं वाटतच नव्हतं, कारण उद्याची सकाळ होतीच.

“फोर्कचं काय झालं?” आम्ही विचारायचो.

“होतोय,” एवढंच उत्तर.

फोर्क बनवणाऱ्याला आम्ही मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. कधी कोणाला वाकडा शब्द न बोलणारी वहिनी एकदा भांडं आपटून म्हणाली, “हात झडोत मेल्याचे.”

शेवटी माझा संयम सुटला. दादा सायकल घेऊन बाहेर पडला तसा मी त्या कारागिराला फोन लावला आणि नमस्कार न करताच सुरू झाले. तो बिचारा शांतपणे ऐकून घेत होता.

“ताई, ते उंच गृहस्थ ना? अहो, मीच त्यांची वाट बघतोय. जुना फोर्क आणून द्या म्हणून किती वेळा सांगितलं. त्यांची सायकल जगावेगळी. जुन्यावरून साचा काढल्याशिवाय मी काय हवेत करू?”

“म्हणजे तुम्ही सुरूच केलेलं नाही?”

“कसं करणार? आणि ताई...” तो थांबला. “ते तोच फोर्क अजून चालवत नाहीत ना?”

मी फोन ठेवला. वहिनीने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चपला घातल्या. आम्ही दोघी धावत त्या वळणापाशी पोचलो. भिंतीजवळ उभ्या राहिलो. वर रस्ता रिकामा होता. मग तो दिसला, हँडलवर वाकलेला, भरधाव येत असलेला. त्याने आम्हाला पाहिलं आणि दचकून करकचून ब्रेक दाबला. त्याला थांबवायला आलेल्या आम्हीच त्याला तो ब्रेक दाबायला लावला होता, हे मला तेव्हा उमगलं.

टिक्. तो आवाज या वेळी मलाही ऐकू आला.

सायकल आमच्या पुढ्यात येऊन थांबली. वहिनी तिथेच फुटपाथवर मटकन बसली.

“जुना फोर्क दिला का नाहीस?” मी विचारलं.

दादाने खाली वाकून फोर्कवर हात ठेवला. मग म्हणाला, “समजा दिला, त्याने कापून पाहिला आणि आत काहीच निघालं नाही, तर?”

आता एका लिफ्टबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी एका सहा मजली इमारतीत दादाला मोटरच्या खोलीत बारीक आवाज ऐकू आला होता. बेअरिंग गेलंय, म्हणाला, आणि पाटी लावली. नवं बेअरिंग यायला वेळ लागला. लोक जिना चढत राहिले. सहाव्या मजल्यावर एक म्हातारे छापखानेवाले राहायचे. ते चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बसले ते उठलेच नाहीत. पुढे बेअरिंग आलं, जुनं उघडलं, तर ते आरशासारखं स्वच्छ. दादाला कोणी दोष दिला नाही. त्यानेच किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी येऊन बसला.

“तेव्हा मी आवाज ऐकला आणि बंद केलं,” वळणावर उभा दादा म्हणत होता. “आत काही नव्हतं आणि माणूस गेला. आता परत आवाज ऐकतोय. हाही खोटा निघाला, तर मी त्या माणसाला उगाच मारलं, हे पक्कं होईल.”

“आणि फोर्क मोडला तर?” वहिनीने खालूनच विचारलं.

“तर मग कळेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुला कळेल? तुला काय डोंबल कळणार? कळेल ते आम्हाला! या भिंतीपाशी येऊन तुला गोळा करताना कळेल!”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि चाक सोडवायला लागला. घरी येऊन त्याने फोर्क काढून माझ्या हातात दिला. मी तो पडद्याच्या कापडात गुंडाळला आणि बस पकडली.

कारागिराची खोली लहान होती, रसायनाचा उग्र वास, सगळीकडे बारीक काळी भुकटी. त्याने आधी सावकाश मापं घेतली, साच्यासाठी. मग तोंडावरची पट्टी खाली करून नाण्याने टकटक केलं. वळणापाशी येऊन तो थांबला. रंग खरवडला. वरून काहीच दिसेना. दादाला काय तोंड दाखवू, हा एकच विचार. त्याने फोर्क शिकंज्यात आवळला आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला.

कडाक्कन मोडला. आतले थर भिजून सुकलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे सुटे झाले होते.

“हा आतून कधीच गेलेला,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “वरून कोणाच्या बापाला कळलं नसतं. कान कोणाचा हो?”

“माझ्या भावाचा,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

घरी येऊन मी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. वहिनीने तोंडाला पदर लावला. दादाने तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि हसला. किती महिन्यांनी तो हसत होता!

“म्हणजे मला बरोबर ऐकू येतं.”

“हो रे बाबा, हो.”

तो हसतच होता, आणि बघता बघता ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

“मग त्या लिफ्टमध्येही आवाज होता.”

त्याने हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

“बेअरिंग चांगलं होतं. पण आवाज होता. मग आवाज कशाचा होता?” तो उठून उभा राहिला. “दांड्याचा. दोर ज्या चाकावर फिरतात त्याच्या दांड्याला आतून चीर असेल, तर आवाज बेअरिंगमधूनच येतो. मी बेअरिंग बदललं. दांडा नुसता पुसला आणि परत बसवला.”

“ती लिफ्ट आता?” वहिनीने विचारलं.

“चालू आहे.”

त्याने ऑफिसला फोन केला. तिकडून कोणीतरी म्हणालं, नव्या माणसाने तपासलीय, तरी सोमवारी बघू. दादाने पायात बूट सरकवले. सायकल जमिनीवर पुढच्या चाकाशिवाय आडवी पडली होती. तो पळतच निघाला, त्याच्या ढांगांमागे मी.

आम्ही पोचलो तेव्हा लिफ्ट खाली येत होती. दारापाशी चारपाच माणसं, सगळ्यांत पुढे हातात भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई. दार उघडलं. एक तरुण आतून बाहेर पडला आणि शीळ घालत निघून गेला. म्हातारीने पाऊल उचललं, तसा दादाने हात आडवा घातला.

“काकू, आत जाऊ नका.”

तिने वर पाहिलं, खूप वर. तिने त्याला ओळखलं. मीही तिला ओळखलं, समाचाराला गेले तेव्हा पाहिली होती. छापखानेवाल्यांची बायको होती ती.

“पुन्हा?” ती म्हणाली.

“अहो, तुम्ही आता कंपनीत नाही ना?” मागून कोणीतरी ओरडलं. “बाजूला व्हा!”

दादा हलला नाही. किल्ल्या त्याच्याकडे नव्हत्या, पाटी नव्हती. तो नुसता दारात आडवा उभा होता. दार मिटायला यायचं, त्याच्या खांद्यावर आपटायचं आणि मागे जायचं.

“त्या वेळी आत काही निघालं नव्हतं,” म्हातारी म्हणाली.

“निघालं नव्हतं. पण होतं, काकू. मला सापडलं नाही.”

“म्हणजे हे गेल्यापासून मी रोज यातूनच...”

“हो.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कठडा धरला आणि जिना चढायला लागली. मागची माणसं कुरकुरत होती, पण तिच्यामागून एकेक करून तीही निघाली. तिची पावलं आम्हाला ऐकू येत होती, प्रत्येक मजल्यावर जास्त सावकाश. बाकीच्यांची पावलं आपापल्या मजल्यावर विरली, तिची चौथ्यानंतर थांबली.

वर काहीच हालचाल होईना. दादा डोळे मिटून ऐकत होता, आणि दार त्याच्या खांद्यावर आपटत राहिलं.