घासून न उजळणारी मान

"घोटभर चहानं काय होतंय? घे म्हणते ना!"

"आई, उपाशीपोटी रक्त द्यायचंय. मागच्या खेपेलाही तुम्ही असाच कप हातात कोंबलात आणि मला लॅबवाल्यांनी दारातून परत पाठवलं."

"मग चहा प्यायले असं सांगायचं कशाला? तोंड बंद ठेवायचं!"

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेत आणि साबणाच्या वासात, सासू कप पुढे धरून उभी होती आणि सून इस्त्रीच्या टेबलाआड. वा, सुनेच्या मनात आलं, आता रक्तालाही खोटं बोलायला शिकवायचं.

सासूची ख्याती कॉलरींची. कितीही मळकी कॉलर असो, तिच्या ब्रशाखालून गेली की पांढरीशुभ्र. त्यामुळे तिचं शास्त्र एकच: डाग बाहेरून लागतो, आणि निघत नसेल तर घासणारी आळशी. सून लग्न होऊन आली ती मागून काळपट, जाडसर, मखमलीसारखी मान घेऊन. सासूनं तिला मोरीत बसवलं, सोडा लावला आणि कॉलरीच्याच ब्रशानं खसाखसा घासलं. कातडी सोलवटली, काळेपणा जागच्या जागी. वर ऐकवलं, "माहेरी आंघोळ करायचीस की नुसती बादलीकडे बघायचीस?" पुढे पुढे सून स्वतःच घासू लागली. माणसाला काय वाट्टेल ते पटवता येतं.

पाळी तर महिनोन् महिने बेपत्ता. हनुवटीवर राठ केस. ते चिमट्यानं उपटताना ती दाराला कडी घालायची. नवऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही. गिऱ्हाइकाच्या शर्टाचं तुटलेलं बटण मात्र त्याला रस्त्यापलीकडून दिसायचं.

पहिला डॉक्टर थोरच होता. मान वर न करता म्हणाला, "मूल हवंय?"

"आत्ता नाही."

"मग वजन उतरवा. हवं असेल तेव्हा या."

जणू बाई म्हणजे पाळणाच. रिकामा असला की माळ्यावर टाकायचा.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र तिचा ओढून घेतलेला स्कार्फ बाजूला केला, मान नीट पाहिली, रक्तदाब घेतला, पाळीचं विचारलं.

"हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते आणखी आणखी तयार होतं. त्या जादा इन्सुलिननं बीजकोश पुरुषी हार्मोन वाढवतात. मान, केस, हुकलेली पाळी, सगळं त्यातलंच."

सुनेला हे चटकन कळलं. घरात सासू ओरडते, कोणी ऐकत नाही. म्हणून ती आणखी ओरडते. तरी घरातलं कोणी हलत नाही, शेजारी मात्र बिथरतात.

"उपाशी राहू नका," बाई पुढे म्हणाल्या. "पोटभर खा, पण साखर-मैदा कमी, डाळी-भाज्या जास्त. जेवणानंतर चाला. गोळी द्यायची का, ते रक्तातली साखर बघून ठरवू. आणि मूल नको असलं तरी पाळी इतकी लांबू द्यायची नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं." रक्त दोनदा द्यायचं होतं: उपाशीपोटी, आणि मग ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी.

आणि आज, त्याच तपासणीच्या सकाळी, सासूचा कप अजून पुढेच होता तोवर नवरा खोलीत डोकावला. "आजच जायला हवं का? हॉटेलच्या चादरी आल्यात."

"इस्त्री गरम आहे. हात तुम्हालाही दिलेत देवानं."

"आईला दुखवू नकोस गं."

"त्यांना? अहो, ब्रश माझ्या मानेवर चालत होता!"

नवऱ्याला एकाएकी बाहेर कोणीतरी हाक मारली, असं वाटलं. तो गेला.

सुनेनं गळ्यातला स्कार्फ काढून चादरींच्या ढिगावर टाकला.

"झाकून जा!" सासू कडाडली. "लोक म्हणतील, लाँड्रीवाल्यांची सून आणि मान बघा!"

"म्हणू देत."

"त्या डॉक्टरणीला काय कळतंय? जन्मभर डाग काढलेत मी!"

"कापडावरचे, आई. हा आतून येतो. तुमचा सगळा सोडा संपला तरी निघायचा नाही."

सासूनं कप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. ती त्या उघड्या मानेकडे बघत राहिली. ब्रशाच्या जुन्या ओरखड्यांच्या फिकट रेषा होत्या तिच्यावर.

"मळ नव्हताच म्हणतेस?"

"नव्हता."

"मग मी घासत काय होते गं?"

सुनेनं पायात चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि दार ओढून लॅबकडे चालती झाली.