ताईला वरून बघायचं होतं

आमच्या पथकात ताई सगळ्यात खाली असायची आणि मी सगळ्यात वर. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, वजनाचा मामला होता. मी नुसती काडी, आणि ताईचे खांदे असे भरलेले की चाळीतल्या बायका तिला पैलवान म्हणायच्या. लालबागला मुलींची दहीहंडी तेव्हा नवीनच होती. गुरुपौर्णिमेपासून चाळीच्या पटांगणात सराव सुरू व्हायचा. गॅलरीतल्या म्हाताऱ्या "पोरींचे हे काय धंदे!" असं म्हणायच्या आणि शेवटची सलामी होईपर्यंत कठडा सोडायच्या नाहीत.

खालच्या थरातल्या मुली गोलात उभ्या राहायच्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून, माना खाली घालून. मान वर करायची नाही म्हणजे नाही. मान वर केली की खांदा हलतो, आणि एक खांदा हलला की सगळा डोलारा खाली. त्यामुळे इतक्या वर्षांत ताईने एकदाही हंडी फुटताना बघितली नाही. तिला दिसायचे ते पाय आणि चिखल. वर काय चाललंय ते तिला खांद्यावरच्या भारावरून कळायचं. मग अंगावर दही पडायचं, तेव्हा समजायचं की झालं.

घरी आल्यावर मोरीत मला बसवून केसातलं दही धुता धुता ती विचारायची, "सांग ना गो, वरून काय दिसलं?"

"काय दिसणार? डोकी दिसतात."

"अजून?"

"अजून काय, पत्रे. टाक्या. कावळे. डोळ्यात साबण चाललाय ताई, बघून घाल ना पाणी!"

खरं म्हणजे मलाही नीट आठवायचं नाही. वर क्षणभरच उभं राहायचं असतं, आणि तेवढ्यात हंडी सोडून दुसरीकडे बघायला सुचतंय कोणाला? पण ताईचं समाधान व्हायचं नाही. एकदा सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला पण एकदा चढवा ना गं कोणीतरी." सगळ्या खो-खो हसल्या. आई गॅलरीतून ओरडली, "तुका वर चढवूक क्रेन हाडूक व्हयी!" ताईही हसली. पण तिच्या शेजारी झोपणारी मी होते. ती थट्टा करत नव्हती, एवढं मला कळलं होतं.

आता ते पटांगण नाही. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. पटांगण होतं तिथे गाड्या लावतात, आणि ताईला चिठ्ठीत घर लागलं ते कुठे, तर दुसऱ्या मजल्यावर. एवढा ढगात गेलेला टॉवर, पण आमची ताई तिथेही खालीच! मी लग्न होऊन परळला आले, हाकेच्या अंतरावर, तरी माझा जीव त्या पटांगणात अडकलेला आहे. ओले टी-शर्ट, खोबरेल तेलाचा वास, खालून येणारा ताईचा आवाज, "ये, ये, बिनधास्त ये." हे सगळं मला परत हवं असतं. या वयात कोणी असल्या गोष्टीसाठी झुरतं का? मी झुरते.

मी दादरला एका सहल कंपनीच्या ऑफिसात बसते. लोकांना जगभर पाठवते आणि स्वतः मात्र सुट्टीत मालवणला जाते. माझ्या टेबलामागे भिंतीवर पेरूमधल्या माचू पिच्चूचा मोठा फोटो आहे. इंका लोकांचं दगडी गाव, आणि त्याच्या डोक्यावर उभा राहिलेला एक सरळसोट सुळका, वायना पिच्चू. एका दुपारी ताई मला घावने द्यायला ऑफिसात आली आणि डबा हातात घेऊन त्या फोटोसमोर उभीच राहिली. सुळक्याच्या टोकावर रंगीत ठिपके होते.

"ही माणसं आहेत?"

"हो. इंकांच्या पायऱ्या आहेत वरपर्यंत. भयंकर आहेत म्हणतात."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वरून काय दिसत असेल गो?"

त्याच क्षणी मी ठरवलं की हिला तिथे न्यायचं. टोकावर उभं करायचं, आपण शेजारी उभं राहायचं, आणि हिच्या तोंडाकडे बघत बसायचं. दुसरं काही मला नको होतं. पुढच्या पेरूच्या सहलीला मदतनीस म्हणून जायला मी साहेबांच्या मागे लागले, ताईचं नाव त्यात घातलं, आणि तिच्या सुनेने "आईंच्या गुडघ्यांचं काय?" विचारलं तेव्हा तिच्यावर उगाचच खेकसले. ताईने मात्र गुडघ्यांचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ती टॉवरचे जिने चढायला लागली. लिफ्टमधून जाणारे शेजारी हसायचे, तर म्हणायची, "माका पेरूक जावचा आसा."

माचू पिच्चूला पोचलो त्या दिवशी आमच्या सहलीतली सगळी ज्येष्ठ मंडळी खालीच थांबली, लामा नावाच्या तिथल्या लांब मानेच्या लोकरी जनावरांबरोबर फोटो काढत. सुळक्याचा पास आम्हा दोघींनीच घेतला होता. ताईने पंजाबी ड्रेसवर मुलाचं जॅकेट चढवलं होतं आणि ओढणी कमरेला करकचून बांधली होती, सरावाला बांधायची तशीच. फाटकावरच्या माणसाने तिला नखशिखांत बघितलं आणि आत सोडलं.

वाट आधी खाली उतरते आणि मग एकदम चढते. पायऱ्या म्हणायच्या म्हणून पायऱ्या. आपलं अख्खं पाऊलही मावत नाही. एका बाजूला खडक, त्यात ठोकलेली जाड तार, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पार खाली नदी. मी अगदी मजेत होते. मी कोण, तर सगळ्यात वरची! ताई पुढे, मी मागे, आणि तोंडाची टकळी चालू. "सावकाश गं. तारेला धर. दमलीस का?" शेवटी ती वैतागून म्हणाली, "गप गो, दम खर्च करू नको."

अर्ध्याच्या पुढे एक पायरी आली ती कमरेइतकी उंच. ताई थांबली, मागे वळली, खडकाला पाठ टेकली, गुडघ्यात वाकली आणि आपल्या मांडीवर थाप मारली. बस, तेवढं पुरलं. मी तिच्या खांद्याला धरलं, डावा पाय तिच्या मांडीवर आणि उजवा थेट खांद्यावर, मानेच्या जवळ, शिकवला होता तिथेच. दोघींपैकी एकीनेही विचार केला नाही. मागून कोणीतरी किंचाळलं. एक दाढीवाला गोरा "नो, नो, नो!" करत दोन्ही हात वर करून उभा. आणि आम्ही कशा? पन्नाशीच्या दोन बायका, एकीच्या खांद्यावर दुसरीचा पाय, आणि खाली नदी!

"उतर मेले, लोक बघतायत," ताई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. तिचे खांदे हलायला लागले. मी कशीबशी घसरत खाली आले. दोघी पोट धरून हसलो. दाढीवालाही हसला. हसता हसता माझी मान वळली आणि मी खाली बघितलं.

तिथे माझं सगळं संपलं. नदी वर आली की डोंगर खाली गेला, देव जाणे. तळहात ओले, कानात सूं आवाज, आणि डोळे मिटले तर आणखीच गरगरायला लागलं. मी तारेला मिठी मारून खाली बसले आणि "ताई, ताई" एवढंच म्हणत राहिले. मी! चाळीच्या छपराला हात लावणारी मी! लाजेने मेल्यासारखं झालं, पण उठता काही येईना. बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र लख्ख कळली. तेव्हा माझ्या पायाखाली माणसं होती. मी पडू नये म्हणून जीव खाऊन उभी असलेली माणसं. दगडाला माझं काय पडलंय?

ताईने मला ओढत खडकाच्या एका खाचेत नेऊन बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली.

"चल, खाली जाऊ."

"अजिबात नाही. तू वर जा."

"तुला टाकून? डोकं फिरलंय तुझं?"

"ताई, इतक्या लांब मी तुला लामा दाखवायला आणलं का? परत आपण येणार आहोत इथे? जा म्हणते ना!"

"तुझ्याशिवाय मला नको वर."

"मला हवंय!" मी ओरडलेच. "मला हवंय तू वर गेलेली. कळत कसं नाही तुला?"

तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, ओढणी आणखी आवळली आणि ती कमरेइतकी पायरी दोन्ही हात टेकून, एक गुडघा वर घेऊन, "आई गं" म्हणत चढली. वळणापाशी तिचं जॅकेट दिसलं. नंतर तेही दिसेना.

मी तिथे बसून राहिले. वर खडकाचा पुढे आलेला भाग, त्याच्या वर ढग. टोक दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि मान वर केली की गरगरायचं, म्हणून मान खालीच. दिसत होते ते फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट. मला रडू आलं. एवढी धडपड केली ती कशासाठी, तर टोकावर उभ्या असलेल्या तिचं तोंड बघायला, आणि नेमकं तेच माझ्या नशिबात नव्हतं. आता ती कुठे असेल? पोचली असेल का? टोकावर कठडा आहे का? गुडघा अडला तर कोण देईल हात? शेवटी मी डोळे मिटून, गावी बाबा घालायचे तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराचो जो कोण राखणदार आसा तेका माझा सांगणा आसा. माझी ताय वर गेली हा. तिचो पाय घसरूक नको, तिका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी लागतं. तिथे कोण म्हणणार? मीच म्हटलं. तो दाढीवाला तेवढ्यात उतरत होता. त्याने माझ्या डोक्यावर हळूच हात ठेवला आणि पुढे गेला.

किती वेळ गेला कळलं नाही. मग बुटांच्या रांगेत ताईचे बूट दिसले. ती बसून-बसून, एकेक पायरी सरकत खाली येत होती. उंच पायरीवर मी हात दिला. ती घामाने भिजली होती, आणि डोळे लाल होते.

"पोचलीस?"

"पोचले."

"अगदी टोकावर? त्या फोटोतल्या दगडावर?"

"हो गो. उभी राहिले. मधेच ढग बाजूला झाले."

"सांग ना, काय दिसलं?" मी म्हटलं. "सगळं सांग. काही सोडू नको."

ती माझ्या शेजारी टेकली. थोडं पाणी प्यायली. "नदी दिसली. पिवळ्या दोऱ्यासारखी, सगळ्या डोंगराला गुंडाळलेली. ते दगडी गाव एवढंसं. मागे बर्फाचे डोंगर. सुंदर आहे गो. खूप सुंदर आहे."

"मग रडलीस का?"

"काही नाही."

"ताई."

"खरं सांगू? रागावशील."

"नाही रागावत."

"वर उभी राहिले आणि खांदे एकदम हलके लागायला लागले. कोणीच नाही वर. नुसतं आभाळ. मी घाबरले गो. तू पडलीस की काय, असंच वाटलं मला. खाली बघितलं तर तू दिसेनास. मग कसला डोंगर नि कसलं काय, उतरायलाच लागले."

तिला आयुष्यात एकदा वर चढवायचं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि ती वर जाऊन मला शोधत होती. मला तिचा राग आला, आणि तितकीच मायाही आली. मी तिच्या जॅकेटला तोंड पुसलं. तिनेही पुसू दिलं.

"चल," ती म्हणाली, "फाटक बंद करतील. मी पुढे होते. तू खाली बघू नको, माझ्या पाठीकडे बघ. आणि हात इथे ठेव."

मी उभी राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवला, जपून, नुसता टेकवल्यासारखा. इतकी चढून-उतरून दमलेली ती, आणि तिचे ते गुडघे.

ताई जागची हलली नाही.

"असा नाही गो," ती म्हणाली. "भार टाक. मला कळू दे तू आहेस ते."

मी भार टाकला, आणि मग ती पहिली पायरी उतरली.