दशरथरावांचं पहिलं डेव्हिएशन

विश्रांतवाडीच्या मंडईत डावा पाय किंचित ओढत दशरथ ओव्हाळ येताना दिसले, की चंद्रभागा भाजीवाली टोमॅटोचं टोपलं स्वतःच त्यांच्यापुढे सरकवायची. "घ्या, करा तपासणी. मी तोवर बाकीची गिऱ्हाइकं उरकते." भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त होईना. घराचा दरवाजा त्यांनी सुताराकडून तीनदा बसवून घेतला होता. त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, ताटात भाकरी वाढली की ते आधी तिची कड बोटांनी दाबून बघत. "व्हर्निअर आणून देऊ का मोजायला?" असं कांताबाई विचारायच्या, आणि हे क्षणभर खरंच विचारात पडायचे.

कपाटात त्यांचं एक पॅड होतं. मापात थोडा चुकलेला माल तरीही काम देणारा असेल, तर कारण लिहून, खाली सही करून तो पास करता येतो. त्याला कारखान्यात डेव्हिएशन म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना अशा पन्नास फॉर्मांचं पॅड मिळालं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी पन्नासच्या पन्नास फॉर्म कोरे होते. निरोपाच्या भाषणात साहेबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले. दशरथरावांना ती दादच वाटली. पॅड ते घरी घेऊन आले.

अशा माणसाच्या पोटी पूर्वा जन्मली. हिंजवडीतली पक्की नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडून ती बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत जाऊन बसली, आणि दहा मित्रमैत्रिणींबरोबर कॉम्प्युटर गेम बनवू लागली. गेमचं नाव 'सात गड'. त्यात जादू होती, राक्षस होते, आणि तीनशे गावकरी होते. प्रत्येक गावकऱ्याला स्वतःचं घर, स्वतःचा दिनक्रम आणि मुख्य म्हणजे स्वतःची आठवण. तुम्ही त्याच्याशी काय बोललात, तुमचं काय झालं, हे त्याच्या लक्षात राहणार. आठवणींचं काम पूर्वाकडे होतं. अकराशे माणसांचं काम अकरा जणांनी अंगावर घेतलं, तर व्हायचं तेच झालं. दिवाळीत गेम बाजारात आला आणि लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. अकरातले पाच सोडून गेले. जुन्या कंपनीने पूर्वाला परत बोलावलं होतं, आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तिने राजीनामा दिला त्या दिवशी दशरथराव एकच वाक्य बोलले होते. "ड्रॉइंग पूर्ण नसताना मशीन चालू केलंस." तेव्हापासून बापलेकीत पाणी कधी येणार आणि सिलिंडर कधी संपणार एवढंच बोलणं उरलं होतं.

"अहो, पोरगी नुसती कुढतेय," कांताबाई म्हणाल्या. "तिला तुमचा एक शब्द हवाय. बरा नाहीतर वाईट, पण बोला."

"माल बघितल्याशिवाय मी बोलत नाही."

"मग बघा की!"

आणि त्यांनी बघायला घेतला. पूर्वा कामावर गेली की जेवण उरकून ते तिच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचे. शेजारी नवी वही, लाल पेन. गेममध्ये मराठी निवडता येत होती, हे पाहून त्यांनी मनातल्या मनात मान डोलावली, पण वहीत ते लिहिलं नाही. वही दोषांची होती. शीळ घातली की घोडा छपरावर येतो. पाणक्या रोज सकाळी नदीत चालत जातो आणि कोरडा बाहेर येतो. राजाच्या आधी राजाची दाढी येते. दोष क्रमांक चौदा त्यांना फारच लागला. सिंहासनावरून राजा भर दरबारात त्यांना म्हणाला, "अगं, तुझ्यासारखा वीर या राज्यात नाही!" दशरथरावांनी तिथे दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी गेममधल्या पुलाच्या एका फळीतून ते आरपार जमिनीखाली गेले आणि वर आले ते लंगडतच. एकशे सहावा दोष. दोन दिवस कांताबाईंच्या तपासण्यांसाठी त्यांच्याबरोबर आळंदी रस्त्यावर दवाखान्यात जावं लागल्याने खेळ बंद राहिला. नंतर ते गेममधल्या नदीवर गेले. तिथली नावाडीण, तुळजाबाई, कमरेपर्यंत होडीच्या लाकडात रुतलेली होती. हा दोष लिहायला त्यांनी पेन उचललं, तेवढ्यात ती बोलली.

"दोन दिवस दिसला नाहीत. पुलावरून पडलात म्हणे. पाय कसा आहे आता?"

दशरथरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या डाव्या पायावर बिडाचा जड तुकडा पडला होता. चौथ्या दिवशी ते कामावर हजर झाले, तेव्हा साहेबांनी राहिलेल्या मालाचं विचारलं, सहकाऱ्यांनी सहीचं विचारलं. पायाचं कोणीच विचारलं नाही. त्याचं त्यांना किती वाईट वाटलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं. त्या दुपारी त्यांनी आणखी काही लिहिलं नाही.

रविवारी पूर्वा मैत्रिणीकडे म्हणून गेली आणि तासाभरात परत आली. दशरथराव खुर्चीतून उठेपर्यंत वही तिच्या हातात होती. तिने पानं उलटली. दोनशे बारा लाल ओळी. बाहेरच्यांचं हसणं तिने कसंबसं सोसलं होतं, पण हे अक्षर तिच्या बापाचं होतं.

"ठीक आहे, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. जुन्या कंपनीला आजच हो म्हणून कळवून टाकते."

बोलणं हा दशरथरावांचा प्रांत नव्हताच. ते कपाटाशी गेले आणि ते पिवळं पडलेलं पॅड घेऊन आले. पॅड बघून चहा घेऊन येणाऱ्या कांताबाई दारातच थांबल्या.

पहिला फॉर्म. मालाचं नाव: सात गड. दोष: दोनशे बारा, वही सोबत. निर्णय: पास, अंडर डेव्हिएशन. मुदत: काम पूर्ण होईपर्यंत. कारणाच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'तुळजाबाईंनी पायाची चौकशी केली. कारखान्यात कोणी केली नव्हती.' आणि सही केली.

पूर्वाने कागद दोनदा वाचला. तिला त्या पॅडची गोष्ट लहानपणापासून पाठ होती. डोळे पुसत ती म्हणाली, "इथे ग्राहकाची पण सही लागते, पप्पा."

"ग्राहक मीच. विकत घेतलाय, फुकट नाही खेळलो." त्यांनी त्या रकान्यातही सही ठोकली.

"एवढी वर्षं माझी भाकरी मात्र रिजेक्ट," कांताबाई म्हणाल्या आणि चहा ठेवून गेल्या.

पूर्वाने तिथेच बसून जुन्या कंपनीला येत नसल्याचं कळवून टाकलं. मग वही पुढे ओढून ती कामाच्या सुरात म्हणाली, "उद्या पहिल्यांदा चौदा नंबर दुरुस्त करते. राजा तुम्हाला 'अगं' म्हणतो म्हणजे काय!"

दशरथरावांनी चहाचा घोट घेतला.

"ते राहू दे," ते म्हणाले. "आता सवय झालीय."