शेवटचा इशारा मी दिला नाही

ठाण्यातल्या बऱ्याच टॉवरांच्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई म्हणजे मी. राहते डोंबिवलीत. घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत मी कित्येक वर्षं आवाज द्यायचं काम करत होते.

मागच्या वर्षी स्टुडिओच्या मालकांचा फोन आला. "सैन्याचं काम आहे गं. ठसक्यात बोलायचं." मी खूश. गेले तर एका कंपनीची तरुण इंजिनिअर लॅपटॉप उघडून बसलेली. तिनं व्हिडिओ दाखवला. माळरानावर बंदूक बसवलेली बिनड्रायव्हरची गाडी चाललेली, तिच्या वर काही ड्रोन. एका ड्रोनला माणूस दिसला की तो बाकीच्यांना कळवतो, ते चहूबाजूंनी घेरतात, मग गाडी जवळ जाऊन बोलते. ते बोलणं माझ्या आवाजात हवं होतं, हिंदीतून.

"रुक जाओ." "हाथ ऊपर करो." दोन्ही वाक्यं झटकन झाली. पुढचं होतं, "यह आख़िरी चेतावनी है."

मी थांबले. काचेपलीकडे बसलेल्या त्या मुलीला विचारलं, "याच्यानंतर काय होतं?"

"तो थांबला नाही तर कारवाई."

"कोण करतं?"

"सिस्टिमच करते, मॅडम. ड्रोन आणि गाडी आपसात ठरवतात. माणसाला विचारत बसलं तर वेळ जातो ना."

"आणि त्याला ऐकूच येत नसेल तर?"

ती गडबडली. "असे अपवाद असतातच."

"तसला एक अपवाद आमच्या घरी राहतो," मी म्हणाले.

माझे वडील जन्मापासून बहिरे. शहाडला शिवणकाम करायचे. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. कसल्याशा बंदोबस्तासाठी पोलिसांनी रस्ता अडवलेला आणि आम्ही दोघं कापडाचं गाठोडं घेऊन घरी निघालेलो. बाबा पुढे, मी मागे रेंगाळत. हवालदार ओरडला, "ए, थांब!" बाबा चालतच राहिले. तो पुन्हा ओरडला, मग धावत गेला आणि काठी उगारली. तेवढ्यात बाबांनी मान वळवली. चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती, नुसतं 'काय झालं?' एवढंच. काठी तशीच वर राहिली. हवालदारानं स्वतःच्या कानाला बोट लावून खुणेनं विचारलं, बाबांनी मान डोलावली. मग त्यानं आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं.

त्या दिवशी हवालदाराच्या जागी ही गाडी असती तर बाबा घरी आले नसते.

मी हेडफोन काढले. "मी हे करणार नाही. आधीचंही पुसा."

मालक आत आले. "अगं, तू नाही केलंस तर दुसरी कोणी करेल."

"करू दे."

"आपल्या जवानांचे जीव वाचतात यानं. देशाचं काही वाटतं की नाही तुला?"

"जवानांसाठी म्हणाल ते बोलते. 'खाली वाका' बोलते, 'मदत येतेय' बोलते. पण समोरच्याला मारायचं की नाही, हे माणसानं त्याच्याकडे बघून ठरवायचं. ते गाडी ठरवणार असेल तर माझ्या तोंडून नाही."

ते वैतागले. "उरलेलं वाक्य कॉम्प्युटरवर तुझ्याच आवाजात बनवता येतं, माहितेय ना?"

माझं डोकंच फिरलं. खुर्ची ओढून दाराला लावली आणि बसले. "मग पुसल्याशिवाय मी इथून हलत नाही."

पुढच्या बुकिंगवाले बाहेर ताटकळले. मालक कधी ओरडत होते, कधी गोड बोलत होते. शेवटी ती इंजिनिअरच म्हणाली, "सर, पुसून टाका. यांच्या मर्जीशिवाय मला नकोय." मालकांनी माझ्यासमोर पुसलं.

घरी बाबांना हातवारे करून सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते उलट विचारात पडले. खुणेनं म्हणाले, गाडीवर मोठा दिवा लावायला सांगायचा, बहिऱ्याला उजेड दिसतो. मी आधी कानांवर हात ठेवले, मग डोळे झाकून आंधळ्यासारखी चाचपडले: ज्याला दोन्ही नाही त्याचं काय? मग छातीशी बाळ धरल्यासारखे हात केले आणि विचारलं, हिनं हात वर कसे करायचे?  दिव्याची गोष्ट बाबांनी परत काढली नाही.

त्या स्टुडिओनं मला पुन्हा बोलावलं नाही. ते वाक्य दुसऱ्या कोणी बोललं असेल, तर तिचं ती जाणे. मला पश्चात्ताप नाही.

सध्या कल्याणच्या एका हॉस्पिटलसाठी सूचना रेकॉर्ड करतेय. पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांना बजावलं, मी जे जे बोलेन ते भिंतीवर मोठ्या अक्षरांतही लावायचं. त्यांनी तोंडं वाकडी केली. बोर्ड लागल्यावरच मी माइकसमोर बसले.