बेगिमायची चौथी

केंजेगुलच्या पोटची पोर तिला ताई म्हणते आणि आजीला आई. थोरलं मूल आजीआजोबांचं, ही नारिनकडच्या गावांची जुनी रीत. अंगावरचं दूध सुटताच सासूबाई बेगिमायला आपल्या घरी घेऊन गेल्या, तेव्हा केंजेगुलने हूं की चूं केलं नाही. आता मात्र तिचा जीव नुसता जळत होता.

पोर होती दुसरीत, गणितं सोडवायची चौथीची, आणि वर्गात कंटाळून पुढच्या मुलीच्या वेण्या सोडत बसायची. मुख्याध्यापिकाबाईंनीच सुचवलं, पुढच्या वर्षी तिसरी गाळून हिला थेट चौथीत बसवू, घरच्यांचा होकार आणा. घरच्यांचा म्हणजे सासूबाईंचा. आणि चौथीचा वर्ग होता केंजेगुलकडे.

"नको," शारिपाबाईंनी चहाचा रिकामा कटोरा सुनेपुढे केला. "लहान आहे अजून. मोठ्या पोरी छळतील."

"आई, ती वर्गात कुजतेय हो. मी रोज बघते ना शाळेत."

"तू बघूच नकोस. इतकी वर्षं गप्प होतीस, आता बरा पुळका आला! शाळेच्या नावाखाली पोर परत पाहिजे तुला. सरळ बोल की."

केंजेगुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावातल्या कुणाच्याही मुलाबद्दल तिचा शब्द चालायचा, या एकीचं काही बोललं की लगेच संशय. आणि चीड याचीच जास्त, की म्हातारी अगदीच खोटं बोलत नव्हती. पहिल्या बाकावर बसलेली बेगिमाय तिने मनात कितीदा तरी पाहिली होती.

"मी चौथी सोडते," ती म्हणाली. "दुपारच्या पाळीत पहिलीची पोरं घेते. ती सकाळी, मी दुपारी. मग तर झालं?"

"मग बसू दे की चौथीत!" सासूबाई लगेच म्हणाल्या. मोठ्या पोरी, छळ, सगळं कुठल्या कुठे गेलं. कटोरा भिंतीवर आपटावा असं केंजेगुलला वाटलं. तिने त्यात चहा ओतला.

तेवढ्यात बेगिमाय अंगणातून धावत आली. "ताई, मी चौथीत? तुझ्या वर्गात?"

"नाही. बाक्तिगुलबाईंच्या."

"त्या चांगल्या आहेत?"

"आहेत. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत!"

आवाज नको तेवढा चढला. पोरीला वाटलं, ताई आपल्यावरच रागावली, आणि ती घाबरून म्हातारीच्या पाठीमागे जाऊन बसली.